भेदरं

आमच्याकडे टमाट्याला भेदरं म्हणतात,
आणि घाबरून थिजलेल्या लेकराला भेदरलेलं.
दोन्ही एकाच वेलीवरचे शब्द असतील
असं मला फार उशिरा वाटलं,
आर्वीच्या बाजारात, वीस रुपये पाव घेताना.

बाप दालमिलमध्ये हमाल.
सायकल अंगणात यायची, स्टँड पडायचं. खट्.
त्या खटक्यावरून आम्हाला कळायचं
आज किती घेतली आहे,
ताट जेवायचं आहे
की भिंतीवर जायचं आहे.
मी सहा वर्षांची, भोजराज चारचा.
माझी बाराखडी अजून 'ठ'पाशी अडलेली,
पण खट् आणि खट्ट यांतला फरक
मला डोळे मिटून यायचा.

भेदऱ्याची चटणी मातीच्या भिंतीवरून
खाली ओघळायला किती वेळ घेते
ते मी मोजलं आहे,
तुराट्यांच्या गंजीमागून.
भोजराजच्या तोंडावर माझा हात,
तळव्याला त्याचे दुधाचे दात.
माय नंतर भिंत सारवायची
आणि सकाळी शेजारणीला सांगायची,
"लेकरं हायत, विसरून जातीन."

विसरलोच की.
बापाचा चेहरासुद्धा आता नीट आठवत नाही.
खटका तेवढा राहिला.

प्रल्हाद भला माणूस.
चौदा वर्षांत आवाज चढवला नाही त्याने,
बैलावरसुद्धा नाही.
तरी त्याच्या गाडीचं स्टँड पडलं
की माझे हात कणकेत थांबतात,
पोळी तव्यावर काळी होते,
आणि छातीत कोणीतरी
उखळात मुसळ घालावं तसं.
दोनदा ईसीजी काढला. चांगला आला.
तो कागद मी रेशनकार्डात जपून ठेवला आहे.

ग्रामीण रुग्णालयात मंगळवारी खोब्रागडे मॅडम बसतात,
एक्स-रेच्या खोलीबाहेर, बाकावर.
म्हणाल्या, मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते,
ती राखण करते.
(बदाम मी किती खाल्ले असतील?
मी चारोळी समजले.)
म्हणाल्या, कोवळ्या वयात रोज भ्यायलं
की तिची झोप उडते, ती उडतेच.
विचार करणारा भाग चपला शोधत बसतो,
ही तोवर अनवाणी धावत सुटलेली.

मी म्हटलं, मॅडम, आमची काळी माती.
ओलीतून बंडी गेली की चाकोरी पडते,
चैतात तिचा दगड होतो.
मग बंडी कोणाचीही असो,
चाक तिथंच जाऊन पडतं.
त्या म्हणाल्या, हेच. अगदी हेच.
आणि वहीत लिहून घेतलं.
नवी चाकोरी पडते का
हे विचारायचं राहिलं.
मागं पाच बाया उभ्या होत्या
अन् गावाची शेवटची गाडी साडेचारची.

भोजराज लग्नाच्या पंगतीत
नेहमी भिंतीला पाठ लावून बसतो.
वाढणारा मागून आला तर ताट दोन्ही हातांनी धरतो.
लोक हसतात,
"अबे, कोण नेऊन राह्यलं तुयं ताट!"
तोही हसतो. ताट सोडत नाही.

काल संध्याकाळी मी भेदरं चिरत होते.
अंगणात खट्.
सुरी थांबली.
आणि श्रावी, तीही आता सहाची,
पाटी तशीच टाकून
दाराकडे धावली,
"बाबा आले!"

आवाज तोच होता.
मी तिच्या धावणाऱ्या पायांकडे बघत राहिले,
अर्धं भेदरं हातात,
बोटांतून पाणी कोपरापर्यंत आलेलं.

मग फोडणी दिली.
मोहरी थोडी जळालीच.